तोरण तुटल्यावरची ओळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते म्हणजे बरबटीच्या शेंगा सोलल्या. छपरीत बसलो होतो, उन्हं उतरली होती, सूप मधात ठेवलं होतं. बायको एका बाजूला, मी दुसऱ्या. मी सोललेल्यातले किडके दाणे ती निवडायची आणि मुकाट्यानं माझ्याच मांडीवर फेकायची. "डोळे कोनाले देऊन आले काय?" एवढंच मधात मधात. पोळा पाच दिवसांवर आला होता आणि मला या वर्षीची झडती पाहिजे होती. झडती म्हणजे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की गडी माणसांनी ओरडून म्हणायच्या चार ओळी. त्यात देवाचं नाव थोडं आणि गावातल्या मोठ्या माणसांची टवाळी जास्त. शेंगा सोलता सोलता ती तीन ओळी बोलली:

पोळा आला पोळा, ट्रॅक्टरले घाला माळा,
बैलाचा झाला फोटो, फोटोले लावा टिळा,
पोट्टे गेले शहरात, गावात राह्यला कोन...

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय? उद्या सांगीन. सगळं आजच देलं तं उद्या बोलान काय माह्यासंगं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. चौथी ओळ घेऊन गेली. मला वाटते शेवटी 'फोन' येणार होता. पण तिचं काही सांगता येत नाही, तिनं 'फोन' सोडून भलतंच काही आणलं असतं आणि ते बरोबर बसलं असतं. पाच दिवस मी डोकं खाजवलं. माझ्यानं ते होत नाही. पन्नास वर्षांत कधी झालं नाही, हेच या प्रकरणात सांगायचं आहे. गुरुजींनी चार वर्षांत जेवढी भाषा शिकवली तिच्यात लिहून राहिलो. मधात आमची घुसते. घुसू द्या.

आता मागं जातो. माझं लग्न झालं तेव्हा मला मिशी नीट फुटली नव्हती. घरात मी, माय आणि दोन बैल. बाप मी लहान असतानाच गेला होता. तलावाच्या खाली आमच्या धानाच्या तीन बांध्या, म्हणजे भातखाचरं, होत्या, आणि तिन्ही पाटाच्या अगदी शेपटाला. पाणी निघालं की सगळ्या गावाची बांधी पिऊन मग आमच्याकडे यायचं, आलंच तर. अनसूया या घरात आली ती पवाराची पोरगी, माहेरी पवारी बोली बोलणारी. आमच्यात येऊन आठ दिवसांत आमची बोली अशी बोलायला लागली की माय म्हणायची, "हे पोट्टी इथलीच हाय, तिकडे उगाच जलमली."

आमच्या घरात ढेकी होती. हल्लीच्या लोकांना सांगावं लागते. ढेकी म्हणजे धान कांडायचं लाकडी यंत्र. एका टोकाला पाय द्यायचा, दुसऱ्या टोकाचं मुसळ उखळात पडते. पहाटे ती सुरू व्हायची. धप्प, मग लाकडाची कुईऽ, पुन्हा धप्प. पाय अनसूयेचा, उखळात हात घालून धान उलथवणार माय. त्या तालावर ही पोरगी बोलायला लागायची. रचते असं तिच्या मनातही नसे. पायाखाली धप्प झालं की तोंडातून ओळ निघायची, आणि निघायची ती समोर हात घालून बसलेल्या सासूवरच.

सासू माही गुणाची, डाळीत ओतते पानी,
लेकाले वाढते गाळून, सुनेले उरते गानी.

माय हात बाहेर काढून तिला कण्या फेकून मारायची. "हात उखळात हाय माहा, म्हनून बोलून राहिली काय व? पाय जोरात दे!" पण हसू तिच्या गालातून सुटून जायचं. मी अंथरुणात पडून ऐकायचो. सकाळी आंबील असायची, सोबत जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, नाही तर बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब. गाळून वाढण्याइतकी डाळ आमच्या घरी फार दिवस शिजतही नव्हती. तरीसुद्धा दुसऱ्या दिवसापासून माय डाळ घट्ट करायला लागली. एवढी त्या ओळीत धार होती. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

लग्नानंतरचा पहिला पोळा. भादव्याच्या तोंडावर पावसानं पाठ फिरवली होती. धान पोटरीत, म्हणजे लोंबी आत धरून उभं, आणि बांधीला भेगा. तलावात पाणी होतं. तलावाला जे तोंड असते त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते उघडायची किल्ली पाणी समितीच्या अध्यक्षाकडे, आणि अध्यक्ष गोविंदभाऊ. त्याच्या आज्याची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, होती. मालगुजारी गेली, पण चालायची ढब तशीच राहिली होती. एक पाळी सगळ्यांना मिळून मग दुसरी सुरू व्हावी असा कायदा. आमची पहिली पाळी यायची होती, आणि गोविंदभाऊच्या बांधीत दुसऱ्यांदा पाणी शिरलं. सगळ्या गावानं पाहिलं. सगळ्या गावानं पाहून बिडी पेटवली.

मी घरी येऊन शिव्या देऊ लागलो. अनसूया ढेकीवर उभी होती.

"इथं कायले भुकता?" ती म्हणाली. "परवा पोळा हाय ना. तिथं बोला."

"काय बोलू?"

धप्प, कुईऽ, धप्प. दळायला गेलेली माय परत यायच्या आत चार ओळी झाल्या होत्या:

तलाव भरला गावाचा, पाट खणला गावानं,
तुडूम मात्र उघडते एकाच भावानं.
आमच्या बांधीत भेगा, बेडूक तहानला,
भाऊच्या बांधीत जाऊन दुसऱ्यांदा नहाला.

मी दोन दिवस त्या घोकल्या. बैल धुताना, शिंगं रंगवताना, झोपताना. ती सांगायची, "चवथी ओळ हळू म्हना. 'दुसऱ्यांदा' या शब्दावर थांबा. तिथंच मार हाय."

आमच्या गावचा पोळ्याचा एक नियम आहे, तो इथं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चौकात दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली बैल उभे करतात. तोरण शाबूत आहे तोवर झडतीत कोणी कोणाला काही बोलो, ते माफ. ज्याला बोललं त्यानं हसायचं आणि पोटात घालायचं. तोरण तुटलं की माफी संपली. मग तोच शब्द शिवी. आणि तोरण तोडायचा मान गोविंदभाऊच्या बैलजोडीचा, आज्यापासूनचा.

मी पुढं झालो. पहिली ओळ गेली. लोक हसले. दुसरी गेली. गोविंदभाऊ पण हसला, पान चावत. तिसरीला माणसं पुढं सरकली. आणि चौथी ओळ माझ्या डोक्यातून पुसली गेली. साफ. बेडूक तहानला, आणि बेडकाचं पुढं काय झालं ते मला आठवेना. मी तोंड उघडं ठेवून उभा. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू तेवढं वाजत होतं. गोविंदभाऊनं आपल्या गड्याकडे पाहून हनुवटी हलवली. गड्यानं कासरा सोडला. जोडी उसळली, तोरण तटकन तुटून बैलांच्या शिंगांना लोंबकळत गेलं. आणि तोरण तुटल्याच्या त्या आवाजानं मला ओळ आठवली.

"भाऊच्या बांधीत जाऊन दुसऱ्यांदा नहाला! एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

थांबायचं होतं त्या शब्दावर बरोबर थांबलो. एवढं हसणं त्या चौकात मी पुन्हा ऐकलं नाही. गोविंदभाऊ हसला नाही. पान थुंकला आणि गेला.

तीन दिवसांनी कागद आला. समितीच्या सेक्रेटरीनं लिहिलेला, गोल शिक्का मारलेला. हा सेक्रेटरी गोंदियाला दोन वर्षं कॉलेजात बसून आला होता. तिथं काय शिकला देव जाणे, पण तिकडून येताना मराठी त्याला आखूड होऊ लागली होती. कागद सगळा मराठीत, मधात एकच शब्द इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. हिरामण याने तोरण तुटल्यानंतर अध्यक्षांविषयी, आणि मग तो शब्द, असे वर्तन केले असून माफीनामा लिहून देईपर्यंत त्याची पाळी रोखण्यात येत आहे.

मायनं कागद उलटा सुलटा पाहिला. "इंग्रजीत लिवलं म्हंजे पोलिसात गेलं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली. अनसूयेनं कागद घेतला, तरोट्याची भाजी पानात बांधली आणि म्हणाली, "चला गुरुजीकडे. पयले कायच्यासाठी रडाचं ते त समजू द्या."

गुरुजींनी भाजी आत पाठवली, चष्मा लावला. त्यांच्याकडे कापडाचं कव्हर घातलेला जाड कोश होता. बराच वेळ पानं उलटली. "प्रोव्होकेटिव्ह," ते म्हणाले. तोंडात गरम बटाटा घेतल्यासारखा तो शब्द त्यांनी उच्चारला. "अर्थ असा की डिवचणारं. भडकवणारं. समोरच्याला राग यावा म्हणून मुद्दाम केलेलं. भाषण असते, हावभाव असते, लेख असते, त्याला हा शब्द लावतात. सभ्य शब्द आहे. कोर्टात, सरकारदरबारी चालते. शिवी नाही ही. शिवीचं काम करते, पण धोतर नेसून."

"बेडूक नहाला, यानं राग येते काय, गुरुजी?" मी विचारलं.

"बेडकावर अवलंबून नाही, बाबा. ऐकणाऱ्यावर आहे."

अनसूया दाराच्या बाहेर उभी होती, डोक्यावर पदर. तिथून म्हणाली, "गुरुजी, एक विचारू काय? भाऊनं आमच्या पाळीचं पानी दुसऱ्यांदा घेतलं. आमाले बी राग आला. मंग त्यायनं जे केलं त्याले हा शब्द लागन काय?"

गुरुजींनी खरंच कोश पुन्हा उघडला. दोन पानं उलटली. मग बंद केला. चष्मा काढून पुसला.

"नाही लागत, पोरी."

"काऊन?"

"हा शब्द वरून खाली येते. खालून वर जात नाही. भाऊनं केलं त्याला व्यवस्था म्हणतात."

हा मला माझ्या उभ्या आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा धडा, चौथीच्या पुढचा. आता टीव्हीवर रोज ऐकतो, अमक्याचं प्रक्षोभक भाषण, तमक्याचं प्रक्षोभक वर्तन. मी अर्थ पाहत नाही. कोण कोणाला म्हणून राहिला ते पाहतो. गुरुजींचा नियम अजून चुकला नाही.

येताना शेताच्या धुऱ्यावरून ती पुढं चालत होती. मधातच थांबून म्हणाली, "एक ध्यानात आलं काय तुमच्या? तोरण तोडते त्याचाच बैल. म्हंजे माफी कवा संपवाची तेबी त्याच्याच हातात." आणि मग हळू, "पन तुमी बी काय भुलले बाप्पा! इतकी सोपी ओळ!" तिला माझ्यावर राग होता तो एवढाच.

चावडीत बोलावणं आलं. गोविंदभाऊ खाटेवर, बाजूला सेक्रेटरी कागद घेऊन, खाली गावची माणसं. बायका चावडीच्या भिंतीला लागून बाहेर उभ्या. त्यात माय आणि अनसूया. मला वाटलं होतं गोविंदभाऊ ओरडेल. तो मऊ बोलला. मऊ बोलणारा माणूस जास्त वाईट.

"तोरनाखालचं मी पोटात घातलं, हिरामन. तीन ओळी घातल्या. चवथी तोरन तुटल्यावर बोललास. ते कुठं घालू, सांग. नियम मी केला काय? आज्याच्या वक्तापासूनचा हाय."

सेक्रेटरीनं ते कागदावर टिपलं.

"बरं, दुसरं सांग. हे कोनं रचून देल्लं? तुह्या डोक्यातलं नाही हे. तू चवथी पास झाला तं गुरुजीनं नारळ फोडला होता."

लोक हसले. सेक्रेटरी म्हणाला, "कोई तो है पीछे. नाव सांगून दे, तुझी पाळी आजच सुटेल. आम्हाला हत्यार नको, हत्यारवाला पाहिजे."

त्याला वाटत होतं समितीवर डोळा असलेल्या कोणीतरी हे मला पढवलं. मी भिंतीकडे पाहिलं. अनसूयेनं डोक्यावरचा पदर नीट केला होता आणि ती पुढं सरकली होती. एक पाऊल आत आलं होतं. तिचं तोंड उघडलं होतं. मी ते स्पष्ट पाहिलं.

आणि मी घाई केली. "मीच रचली," मी म्हटलं. "माहीच हाय."

इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की बायकोला वाचवलं. पोराला सांगितलं, नातीला सांगितलं. आता ती ऐकायला नाही तं खरं लिहून टाकतो. तिला कोणापासून वाचवायचं नव्हतं. बाईनं रचलं असं समजलं असतं तं गोविंदभाऊ हसून मोकळा झाला असता, पाळी तिथंच सुटली असती. मला भ्याव वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हिरामण बायकोच्या डोक्यानं बोलते, असं लोक म्हणतील, याचं. ती पुढं येत होती ती आपलं घ्यायला. मी तिच्या तोंडातलं काढून माझ्या तोंडात घातलं आणि वर मर्द झालो.

माफीनामा सेक्रेटरीनं लिहिला, मी सही केली. मी स्वतः रचून म्हटलेल्या झडतीबद्दल. तिसऱ्या दिवशी पाटानं पाणी आलं. भेगा मिटल्या, धान वाचलं, बेडकं पण आली, रात्रभर ओरडायची. मायनं तुडुमाला नारळ वाहिला.

अनसूया बोलत नव्हती. भांडली असती तं बरं झालं असतं. जेवण वाढायची, बैलाला पाणी दाखवायची, बांधीत वाकून दुखलेली माझी कंबर चेपायची, सगळं वेळच्या वेळी. पहाटे ढेकी चालायची, धप्प, कुईऽ, धप्प, आणि त्यावर काहीच नाही. नुसतं लाकूड. दसरा गेला. एक दिवस मायच उखळातून हात काढून म्हणाली, "बोल ना व काही. नाही तं मलेच बोल." तेव्हाही नाही. त्या दिवशी मी तिच्या मागं परसात गेलो आणि विचारलं, "काय झालं सांगशील काय?"

"तो कागद कुठं हाय?" तिनं विचारलं.

"हाय, खुंटीवर."

"मले द्या. कागद तुमच्या नावाचा हाय, पन शब्द माहा हाय. पुऱ्या गावात एकच इंग्रजी शब्द आला, तो मले आला होता. तुमी घेतला."

मी कागद दिला. तिनं तो चौपट घडी घालून आपल्या लोखंडी पेटीत लुगड्यांखाली ठेवला. नंतर किती तरी दिवसांनी, लाखोळीची डाळ आणि ठेचा होता, मी एक घास खाऊन पाण्याचा गडवा शोधू लागलो तर ती चुलीकडे तोंड ठेवून म्हणाली, "काऊन? प्रोव्होकेटिव्ह झाला काय ठेचा?"

आधी माय हसली, अर्थ न समजता. मग मी. दुसऱ्या दिवशी ढेकीवर ओळ निघाली, माझ्यावरच. ती मी इथं लिहीत नाही.

तिथून तो शब्द आमच्या घरचा झाला. लाथ मारणारा बैल प्रोव्होकेटिव्ह. फणा काढून बसलेला विळा प्रोव्होकेटिव्ह. पोरगा दिलीप रांगत रांगत चुलीकडे जायचा, तो पण. गुरुजींचा नियम तिनं घरात पार उलटा केला. आमच्या घरी तो शब्द खालून वर जायचा, सुनेकडून सासूला, पोराकडून बापाला. पण घराबाहेर? घराबाहेर मी झडतीवाला हिरामण. दर पोळ्याला नवीन झडती, लोक दुसऱ्या गावाहून ऐकायला यायचे. ती रचायची, मी ओरडायचो, आणि पुन्हा कधी ओळ भुललो नाही. गोविंदभाऊ म्हातारपणी मला म्हणाला होता, "हिरामन, तुह्या जिभेले हाड नाही, पन डोकं हाय." मी मान हलवली. काही वर्षांपूर्वी पंचायतीनं मला शाल आणि नारळ दिला, लोककवी म्हणून. ती मागच्या खुर्चीवर पदरात तोंड घालून हसत होती. घरी आल्यावर तिनं शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली, आरशात पाहिलं, घडी केली आणि पेटीत टाकली. काही बोलली नाही. मीच बोलायला पाहिजे होतं. उद्या बोलू, असं मी पण म्हणत राहिलो.

तर ती गेली. दिलीप कुडव्याहून गाडी काढून दोन तासांत आला. चांगला पोरगा आहे, पण त्याला सगळं चारचौघांसारखं पाहिजे. दुपारी तिला पोचवून आलो आणि संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला पण. त्याच चौकात, जिथं तोरण बांधतात. फोटो मतदान कार्डावरचा, त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. खाली काळ्या अक्षरांत लिहिलेलं: शांत, सोशिक, मनमिळाऊ.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"दिलीप," मी म्हटलं, "हे कोनाची माय मेली?"

"बाबा, असंच लिहितात. दुकानदाराकडे तयारच असते."

"शांत? तुही आजी जिती असती तं तिले विचारलं असतं. सोशिक? तुह्या मायनं कधी किडका दाना सोसला नाही."

"बाबा, तुम्ही आराम करा."

सकाळी मी पेटी उघडली. लुगड्यांखाली शाल होती, शालीत तो कागद. घडीवर फाटला होता, पण दोन रेघांवरचा तो शब्द शाबूत होता. शेजाऱ्यानं पोळ्यासाठी बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग आणून ठेवला होता. तो आणि कुंचा मागून घेतला. तो म्हणाला, "काका, सुतक हाय तुमाले." मी म्हटलं, "हाय. म्हनूनच दे." घरून स्टूल नेलं आणि चौकात फ्लेक्सखाली लावून चढलो.

शांत खोडलं. सोशिक खोडलं. मनमिळाऊ लांब होतं, त्याला दोनदा कुंचा बुडवावा लागला. मग डाव्या हातात कागद धरून त्याच्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक पाहून काढली. मला इंग्रजी येत नाही, शेणानं सारवल्यावर रांगोळी काढतात तशी काढली. खाली दोन रेघा पण दिल्या. वेळ लागला. तोवर चहाच्या टपरीवरचे उठून आले, दूधवाला गाडी बंद करून थांबला, आणि गोविंदभाऊचा नातू, जो आता समिती पाहते, तो पण येऊन उभा राहिला. दिलीप मागून धावत आला, "बाबा, उतरा! लोक काय म्हणतीन?"

मी उतरलो नाही. स्टुलावरच वळलो आणि म्हटलं, ती बेडकाची झडती माही नोती. तीही नाही आन् तिच्यानंतरची एकही नाही. पुऱ्या अनसूयेच्या होत्या. मी निस्ता ओरडत होतो. आणि मग ती झडती म्हटली, चारही ओळी, 'दुसऱ्यांदा'वर थांबून. हर बोला म्हटलं तेव्हा आधी कोणी बोललं नाही. मग टपरीवाला बोलला. मग दोघं तिघं.

गोविंदभाऊच्या नातवानं वर पाहिलं. खांब रिकामे होते, तोरण बांधायला तीन दिवस होते.

"आजोबा," तो म्हणाला, "तोरन नाही ना बांधलं अजून."

"माहीत हाय," मी म्हटलं. "कागद लिव. नाव या टायमाले बरोबर टाक."